तीन रंगपंचम्या

नंदाताईंच्या ओट्यावर रोज सकाळी पोह्यांची दोन भांडी असत. मोठ्या कढईत कांदा-बटाट्याचे पोहे, शेजारच्या लहान पातेलीत कांदा-बटाट्याशिवायचे. कढईतला झारा चुकूनही पातेलीत जाऊ नये म्हणून ताई त्याचा दांडा भिंतीकडे वळवून ठेवत आणि पातेलीवर ताटली झाकत. सहा वर्षांत तो दांडा खोलीकडे वळलेला कोणी पाहिला नव्हता.

लहान पातेली राजुलची. राजुल मंदसौरची, जैन, जवळच्याच शाळेत गणित शिकवणारी, आणि फ्रीगंजमधल्या नंदाताईंच्या घरातली वरच्या मजल्यावरची किरायेदार. पुण्याकडे जिला भाडेकरू म्हणतात ती. पण चार पिढ्या उज्जैनमध्ये काढलेल्या मराठी घरात कोणी 'भाडेकरू' म्हणालं, की समजावं, पुण्याहून पाहुणे आलेत!

राजुल सकाळी खाली यायची, एका हाताने पोहे खायची आणि दुसऱ्या हाताने ताईंच्या दंडाला रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा बांधायची. "मौसी, चुप बैठो. बोलने से बढ़ता है," म्हणायची. आणि ताई चक्क गप्प बसायच्या! ही गोष्ट ताईंच्या यजमानांना हयातभर जमली नव्हती.

दर अकरा महिन्यांनी किरायाचा करार नवा करायला दोघी देवास गेटला जायच्या. करार म्हणजे निमित्त. खरं काम म्हणजे उसाचा रस, मग भाजी, मग बांगड्या, आणि परत येताना रिक्षावाल्याशी भांडण. भांडायचं ताईंनी, भागवायचं राजुलने.

हे सगळं पाहायला हक्काने हजर असायचे ते श्रीनाथराव, ताईंचे धाकटे भाऊ. रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, नानाखेड्याला फ्लॅटमध्ये एकटे. सकाळ झाली की स्कूटर काढायची आणि बहिणीच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचं. पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावणाचा मसाला, वर ताईंची बोलणी. एवढ्यावर माणूस दिवस काढत होता.

फक्त रविवारी त्यांचे कान फोनकडे असायचे. रविवारी पुण्याहून सौमित्रचा, ताईंच्या मुलाचा, फोन यायचा. फोनवर तो सगळं विचारून झालं की शेवटी म्हणायचा, "मग आई, काय ठरलं?"

म्हणजे पुण्याला कायमचं यायचं काय ठरलं.

"बघू," ताई म्हणायच्या.

श्रीनाथराव तोवर घास हातात धरून बसलेले असायचे. 'बघू' ऐकलं की तो तोंडात जायचा. कितीतरी वर्षं ते या एका शब्दावर रविवारचे पोहे गिळत आले होते. त्यांना पक्कं ठाऊक होतं, हा 'बघू' वरच्या मजल्यावर उभा आहे. राजुल आहे तोवर ताई उज्जैनमध्ये आहे, आणि ताई आहे तोवर आपण.

आता या सुरळीत संसारात एक चॅनल घुसलं.

चॅनल गावातलंच, केबलवरचं. नाव 'सावधान शहर'. त्यावरचा निवेदक सतत असा ओरडायचा, की जणू कुकरची शिटी अडकली आहे आणि गॅस बंद करायला घरात कोणी नाही. त्यातून वॉर्डात पार्षदाची, म्हणजे नगरसेवकाची, पोटनिवडणूक लागली. एका बाजूला अश्विनी, गल्लीतलीच मुलगी, वकील झालेली. लहानपणी ताईंच्या अंगणातले पेरू तिने एवढे खाल्ले होते, की ताईंनी पेरूच्या खोडाला चुना लावायचा सोडून पोरीलाच लावावा असं ठरवलं होतं. ताईंचं मत अश्विनीला, हे गल्लीत सगळ्यांना माहीत. दुसऱ्या बाजूला भेरूलाल. भेरूलालकडे सांगण्यासारखं काम नव्हतं, म्हणून त्याच्याकडे भीती होती. अश्विनीने कधीतरी एका किरायेदाराचा खटला लढवला होता. भेरूलालने तेवढंच पकडलं.

"वकील मैडम जीत गईं तो मकान-मालिक सड़क पर आ जाएगा! लिख के रख लो!" तो रोज चॅनलवर सांगायचा. मागून 'ढॅण!' वाजायचं.

पहिल्या 'ढॅण'ला ताई हसल्या. चौथ्या 'ढॅण'ला त्यांनी आवाज वाढवला. दहाव्या दिवशी म्हणाल्या, "श्री, आग नसताना धूर निघतो का रे?"

"निघतो," श्रीनाथराव म्हणाले. "प्रयोगशाळेत मी तुला हवा तेवढा काढून दाखवतो."

"तुला काय जातंय! तुझ्या फ्लॅटात उंदीर राहायला तयार नाही. माझ्या सासऱ्यांच्या जुन्या शहरातल्या दोन खोल्या त्या मेल्या किरायेदाराने आयुष्यभर सोडल्या नाहीत. सासरे कोर्टाच्या पायऱ्या चढता चढता गेले. मी डोळ्यांनी पाहिलंय!"

"ताई, राजुल काय तुझं घर घेणारे?"

"राजुल नाही रे! राजुलचं कोण म्हणतंय!" ताई एकदम खालच्या आवाजात म्हणाल्या, आणि दोघांनीही जिन्याकडे पाहिलं.

त्याच दिवशी श्रीनाथरावांनी मनाशी बेत केला आणि टॉवर चौकात मंदारला बोलून दाखवला. मंदार म्हणजे झेरॉक्सच्या दुकानाचा मालक आणि महाराष्ट्र समाजाचा चिटणीस. पन्नाशीचा माणूस; पण समाजातले बाकी सगळे सत्तरीचे, म्हणून त्याला अजून 'तरुण रक्त' म्हणत.

"मंदार, ताईच्या डोक्यातली भीती मी एका संध्याकाळी उतरवतो की नाही बघ! भीती समजावून जात नाही. तिच्यावर हसलं की जाते. यंदा धुळवडीला माझं बातमीपत्र भेरूलालवर!"

समाजाच्या हॉलमध्ये धुळवडीच्या संध्याकाळी होळीच्या उपाध्या वाटायची जुनी पद्धत. कंजूष माणसाला 'दानशूर', घोरणाऱ्याला 'गानसम्राट' आणि चिटणिसाला दर वर्षी 'हिशेब लवकरच'. उपाध्यांनंतर श्रीनाथरावांचं खोटं बातमीपत्र. चॅनल हिंदी, म्हणून नक्कलही हिंदीत.

त्या संध्याकाळी ते कोट घालून टेबलामागे बसले. खरोखरीच्या निवेदकापेक्षा जास्त गंभीर. पस्तीस वर्षं वर्गात 'ही परीक्षानळी फुटू शकते' हे सांगितलेला आवाज तो!

"अभी-अभी मिली ख़बर। वकील मैडम के जीतते ही नया नियम लागू होगा। जिस किरायेदार ने मालिक के घर में तीन रंगपंचमी देख लीं, मकान उसी का! मालिक चाहे तो छत पर रह सकता है, लेकिन रोज़ सुबह किरायेदार को पोहा पहुँचाना होगा। जिरावण अलग से।"

हॉल कोसळला. पहिल्या रांगेत बसलेल्या नंदाताई इतक्या हसल्या, की शेजारी बसलेल्या राजुलच्या खांद्यावर पडल्या. राजुल म्हणाली, "मौसी, मेरी तो छह हो गईं! कल से पोहा ऊपर भिजवाना!" ताईंनी डोळे पुसत तिला चापट मारली. शेवटी श्रीनाथरावांनी कोटाच्या खिशातून मूठभर गुलाल उधळला आणि म्हणाले, "यह डर आप तक पहुँचाया भेरूलाल एंड कंपनी ने। एक के साथ एक मुफ़्त! बुरा न मानो, होली है!"

टाळ्या थांबेनात. स्कूटरवरून परत जाताना श्रीनाथराव स्वतःशीच शीळ घालत होते. ताई हसली होती. भीती गेली होती. प्रयोग यशस्वी!

मंदारने ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. त्यातला सगळ्यात चांगला तुकडा त्याने आपल्या स्टेटसला लावला. 'अभी-अभी मिली ख़बर'पासून 'जिरावण अलग से'पर्यंत. गुलाल आणि होळी तेवढी राहून गेली.

"सर, स्टेटसला जेवढं मावतं तेवढं टाकलं," तो नंतर म्हणाला. "बाकी सगळ्यांना माहीतच आहे ना!"

समाजातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण तुकडा काही समाजात राहिला नाही. दुसऱ्या दिवशी तो दूधवाल्याकडे होता, दुपारी भेरूलालच्या पोरांकडे, आणि संध्याकाळी 'सावधान शहर'वर! खाली लाल पट्टी: 'वरिष्ठ प्रोफ़ेसर का सनसनीखेज़ खुलासा'. मागे 'ढॅण!'

श्रीनाथरावांना आधी हसूच आलं. मग रस्त्यात ताईंचे शेजारी रमेशभैया भेटले. रमेशभैयांनी मागच्या खोल्या एका बँकेतल्या माणसाला दिलेल्या.

"प्रोफेसरसाहेब, एक विचारू? त्याच्या पहिल्या रंगपंचमीला तो आजारी होता. खिडकी बंद होती. ती धरतात का?"

"रमेशभैया, अहो ती थट्टा होती!"

"हो, हो," रमेशभैयांनी डोळा मारला. "तुम्हाला तसंच म्हणावं लागणार. समजतंय मला. फक्त खिडकीचं तेवढं सांगा."

श्रीनाथरावांनी स्कूटर थेट मंदारच्या दुकानाशी नेली. शर्टाची कॉलर नीट केली, केस बसवले आणि कॅमेऱ्यात बघून गंभीरपणे सांगितलं, की असा कोणताही नियम नाही, पार्षदाला असा नियम करताच येत नाही, पार्षदाला गल्लीतली नाली साफ करवून घेता आली तरी खूप झालं, आणि ते सगळं आपण होळीसाठी रचलं होतं.

तो तुकडा पहिल्यापेक्षा जास्त चालला. लोक पोट धरधरून हसले! "क्या एक्टिंग है गुरुजी की! चेहरा देखो!" ज्यांना हसू आलं नाही ते म्हणाले, बिचाऱ्यावर दबाव आला, आवाज बघा कसा कापतोय. आवाज रागाने कापत होता. पण तो कशाने कापतो हे व्हिडिओवर कुठे दिसतं?

"सर, तुम्ही विनोद केलात तर खरा वाटतो आणि खरं बोललात तर विनोद वाटतो," मंदार आदराने म्हणाला. "ही देणगी असते."

आणि समोर रंगपंचमी! धुळवडीपासून पाचवा दिवस. उज्जैनमध्ये धुळवडीपेक्षा रंगपंचमी मोठी. गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, गाड्यांवरून रंगाचे फवारे उडतात. पण यंदा फ्रीगंजमधल्या मालकांना वेगळीच घाई झाली होती. किरायेदाराने रंगपंचमी इथे पाहायला नको!

नानाखेड्याच्या बसस्टँडवर रंगपंचमीच्या सकाळी जे दृश्य होतं ते श्रीनाथरावांना त्यांच्या गॅलरीतून दिसलं. एकेक मालक आपापल्या किरायेदाराला बसमध्ये बसवत होता. सोबत डबा, पाण्याची बाटली, शिवाय तिकीट मालकाकडून! रमेशभैयांनी बँकवाल्याला सहकुटुंब ओंकारेश्वरला पाठवलं, वर देवाला चढवायला नारळही दिला. एका मालकाचा किरायेदार बसमधून उतरून परत चालू लागला, तर मालक त्याच्यामागे धावला, "अरे भैया, शाम तक तो रुक जाओ!" ज्या मालकांनी कधी नळाचा वॉशर बदलून दिला नव्हता, ते खिडकीतून लाडू देत होते. असे लाड पुन्हा व्हायचे नाहीत, हे ओळखून काही किरायेदार परतीच्या तिकिटासाठीही अडून बसले होते.

श्रीनाथराव गॅलरीत उभे राहून एकटेच हसले. मग त्यांना आठवलं, काल सकाळी आपण हसलो नव्हतो.

काल सकाळी, पोहे खाताना, ताई राजुलला म्हणाल्या होत्या, "राजुल, उद्या तू मंदसौरला जाऊन ये."

"क्यों मौसी? रंगपंचमी तो यहीं करते हैं हम। आपने नई पिचकारी भी मँगवाई है।"

"जाऊन ये. आईला भेटून ये."

"मम्मी तो ख़ुद बुआ के यहाँ गई है।" राजुलने पट्टा ताईंच्या दंडाला बांधला. "चुप बैठो अब."

पण ताई गप्प बसल्या नाहीत. "सातवी आहे," त्या म्हणाल्या.

"क्या सातवीं?"

ताईंनी खुंटीवरच्या नव्या पिचकारीकडे पाहिलं. राजुल हसायला लागली. तिला वाटलं, मौसी हॉलमधल्या थट्टेचा बदला घेतेय. हसता हसता तिने श्रीनाथरावांकडे पाहिलं, मग पुन्हा ताईंकडे. स्पिरिटच्या दिव्यावर टोपण ठेवावं तसं तिचं हसू आवाज न करता विझलं.

"मौसी, आप भी?"

"अगं, तुझं नाही ग. तू चांगली आहेस. पण नियम झाला की चांगल्या माणसालाही... टीव्हीवर दाखवतात रोज..."

"ताई!" श्रीनाथराव उठून उभे राहिले. "ते मी लिहिलंय! माझ्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहिलंय! तू तिथे होतीस, तू हसलीस!"

"हसले ना," ताई शांतपणे म्हणाल्या. "पण तुला ते सुचलं कुठून? कानावर काहीतरी आल्याशिवाय असं सुचतं का माणसाला? तू थट्टेत घेतलंस, त्यांनी शोधून काढलं."

श्रीनाथराव आयुष्यभर पोरांना बजावत आले होते, की तीव्र आम्लात कधी पाणी ओतू नका. ओतलं तर ते उकळून तोंडावर उडतं. पाण्यात आम्ल, थेंब-थेंब! पहिल्याच आठवड्याला शिकवायचा नियम. आणि त्यांनी स्वतः काय केलं होतं? बहिणीच्या मनात चाळीस वर्षं साठलेल्या भीतीवर हॉलभर हसू एकदम ओतलं होतं.

राजुलने पट्टा सोडला, गुंडाळला, डब्यात ठेवला. पोहे अर्धे राहिले होते.

"मशीन में सेल नए डाल दिए हैं, मौसी," ती म्हणाली. "अभी महीनों चलेंगे।"

श्रीनाथराव तिच्यामागोमाग जिना चढले. धाप लागली. "राजुल, थांब. ती बोलते एक आणि... मी समजावतो तिला. सगळी माझी थट्टा आहे ग."

"सर, आपने मज़ाक किया था," राजुल म्हणाली. "मौसी ने नहीं किया।"

रंगपंचमीला ती मंदसौरला गेली नाही, घरीही राहिली नाही. शाळेजवळच्या बायकांच्या हॉस्टेलमध्ये तिने खाट घेतली आणि पुढच्या दोन दिवसांत सामान हलवलं. जाताना ताईंच्या पाया पडली. ताईंनी तिच्या हातात शेवेची पुडी दिली, डोक्यावरून हात फिरवला, "येत जा हो," म्हणाल्या. राजुलने वरची चावी पातेलीवरच्या ताटलीत ठेवली. नवी पिचकारी पिशवीसकट खुंटीला लटकत राहिली.

मतदानाच्या दिवशी श्रीनाथरावांनी ताईंना स्कूटरवर मागे बसवून केंद्रावर नेलं. ताई बोट उंच धरून बाहेर आल्या, शाई वाळली तरी उंचच.

"भेरूलालला दिलं," त्यांनी स्वतःहून सांगितलं.

"आणि अश्विनी? घरची पोर ती."

"पेरू खाल्ले म्हणून काय घर द्यायचं का?" ताई म्हणाल्या. स्कूटरवर बसताना त्यांनी भावाच्या खांद्याला धरलं. "तिच्याकडे बघून बटण दाबवत नव्हतं रे. फोटो असतो ना समोर. पण घर वाचलं, श्री."

भेरूलाल निवडून आला. फक्त त्या तुकड्यामुळे आला असं म्हणता येणार नाही. पण भेरूलाल तसंच म्हणत होता. निकालानंतरच्या सकाळी श्रीनाथराव बहिणीकडे पोहे खात बसले होते, तेवढ्यात गल्लीत ढोल वाजू लागले. ढोल जवळ आले. ढोल फाटकाशी थांबले!

"गुरुजी बाहर आइए!"

श्रीनाथराव हातात बशी घेऊनच बाहेर आले. भेरूलालने उघड्या जीपवरून उडी मारली, त्यांच्या पायांना हात लावला, गळ्यात झेंडूचा हार घातला, अंगावर शाल टाकली. मागे मंदार मोबाइल धरून.

"गुरुजी, आपने जो जन-जागरण किया है! लोग डर के मारे सो रहे थे, आपने जगा दिया!"

"अरे, मी तुझी टिंगल केली होती!" श्रीनाथराव ओरडले.

"सुन लो!" भेरूलाल गर्दीकडे वळला. "इतने बड़े आदमी, फिर भी कितने मज़ाकिया!"

ढोल दुप्पट जोराने सुरू झाले. ताई आतून कुंकू-निरांजन घेऊन आल्या आणि भेरूलालला ओवाळून गेल्या. गर्दी पुढे सरकली तेव्हा मागे अडकलेली एक स्कूटी दिसली. अश्विनी. तिने हेल्मेटची काच वर केली, शालीकडे पाहिलं, बशीतल्या पोह्यांकडे पाहिलं.

"काका, रंग छान आहे शालीचा," एवढंच म्हणाली आणि गेली.

यानंतर खरं तर ताईंची भीती संपायला हवी होती. घर वाचलं होतं! पण भीतीचं तसं नसतं. राजुल गेल्यावर वरचा मजला रिकामा झाला, आणि भीती काही सामानसुमान न आणता तिथे राहायला आली. भरदुपारी ताईंना वर पावलं ऐकू यायला लागली. श्रीनाथराव वर जाऊन पाहून यायचे. कबुतर असायचं.

"रिकाम्या मकानांवर कब्जा करतात म्हणे, टीव्हीवर दाखवलं," ताई म्हणायच्या. वरच्या दाराला त्यांनी दुसरा ताला लावला, जिन्याला तिसरा. नवा किरायेदार ठेव म्हटलं तर, "ठेवून? पुन्हा तेच?" भेरूलालला फोन केला, तर तो गल्लीकडे फिरकला नाही, नाली तुंबली ती तुंबलीच.

रक्तदाबाचं मशीन श्रीनाथरावांनी लावून पाहिलं. पट्टा नीट बांधला, नळी सरळ केली, पण ताईंचं तोंड बंद करणं त्यांना येत नव्हतं. ताई बोलत राहिल्या, आकडा चढत राहिला. एकदा तर ते राजुलच्या शाळेच्या फाटकाशी जाऊन उभे राहिले. राजुल बाहेर आली, थांबली, ताईंच्या गोळ्या बदलल्या का विचारलं, मीठ कमी घालायला सांगितलं. "एकदा ये ना ग," ते म्हणाले. ती म्हणाली, "आऊँगी, सर." ती आली नाही, आणि ती येणार नाही हे त्या दोघांनाही तिथेच कळलं होतं.

एका रविवारी सकाळी श्रीनाथराव आले तेव्हा टीव्ही बंद होता. ते इतकं नवं होतं, की आधी त्यांना वाटलं, वीज गेली. ओट्यावर एकच कढई होती. लहान पातेली फळीवर पालथी. झाऱ्याचा दांडा खोलीकडे वळलेला.

ताईंनी बशी भरली, शेव घातली, पुढे सरकवली. ताई बोलत नाहीत म्हटल्यावर श्रीनाथरावांनी बशी खाली ठेवली. त्यांनी गेले आठ दिवस मनात घोळवलेलं एकदम बोलून टाकलं.

"ताई, मी येतो राहायला. फ्लॅट बंद करतो. वरच्या मजल्यावर राहतो. तुला सोबत होईल, पावलं वाजली तर माझी समजायची. आणि पट्टा बांधायला मी शिकेन, गप्प बसवायलाही शिकेन. काय?"

ताईंनी भावाकडे पाहिलं. लहानपणी बोरं वाटून घेताना पाहायच्या तसं.

"ये की," त्या हळूच म्हणाल्या. "तुला कोण नाही म्हणणार?" मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "फक्त रंगपंचमीला नानाखेड्याला जात जा हं, श्री. तेवढा एकच दिवस."

श्रीनाथराव हसले. मोठ्याने हसले! बहिणीने इतक्या दिवसांनी थट्टा केली म्हणून हसले. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला.

ताईंनीही आपलं बोलणं ऐकलं असावं. त्यांचा हात पदरावरच थांबला. त्यांनी एकदा जिन्याच्या ताल्याकडे पाहिलं, एकदा समोर बसलेल्या धाकट्या भावाकडे.

"हे काय बोलले मी?" त्या म्हणाल्या. "श्री, तुला? तुला बोलले मी हे?"

"जाऊ दे ग. मी जाईन नानाखेड्याला. त्यात काय!"

"नाही रे." ताईंनी मान हलवली. "या घरात बसून मी एकेकाला जिन्यावरून खाली उतरवतेय. आता तूच उरला होतास."

फोन वाजला. सौमित्र. ताईंनी डोळे पुसून तो उचलला. नेहमीचं सगळं झालं. ऊन फार आहे का, गुडघा कसा आहे, गोळ्या घेतल्यास का. श्रीनाथरावांनी घास हातात धरला होता. सवयीने.

"मग आई," पलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "काय ठरलं?"

श्रीनाथरावांनी मनातल्या मनात ताईंना तो शब्द पुरवला. बघू. म्हण ना, ताई. बघू.

ताईंनी झाऱ्याचा दांडा धरला आणि भिंतीकडे वळवून ठेवला.

"ठरलं," त्या म्हणाल्या. "ये मला न्यायला."